अर्धा कप

फेब्रुवारीपासून मनात होतं. परवाच्या दसऱ्यानंतर मात्र राहवेना, म्हणून लिहायला बसले.

लेक-जावई मस्कतला असतात. त्यांच्याकडे गेले तेव्हा एका शुक्रवारी आम्ही ओमानमधल्याच निझवा या गावाला गेलो. तिथला सतराव्या शतकातला किल्ला पाहिला, भलाथोरला गोल बुरूज चढून उतरलो आणि दुपारी एका हॉटेलात जेवायला बसलो. शेजारीच आपल्याकडची टूर होती. मराठी कानावर पडलं आणि इतका आनंद झाला! पण तो टिकला नाही. बुफेतून ताटं शिगोशीग भरून आणली, फोटो काढले, दोन घास खाल्ले आणि "काहीच चव नाही याला" म्हणत ताटं बाजूला सारली. मग पिशव्यांमधून चिवडा निघाला. चिवड्याचं काही नाही, माझ्याही बॅगेत होता. पण वाढून घेतलेलं अन्न असं टाकायचं? वाढणारा मुलगा तिथेच उभा होता. त्याच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. "पानात टाकू नये" हे ऐकतच आपण सगळे लहानाचे मोठे झालो ना? मग परदेशात पैसे मोजले की ते विसरायचं का?

संध्याकाळी जावयाच्या ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याच्या गावी गेलो. खजुराच्या बागा, आणि त्यांच्यामधून दगडी पाटाने वाहणारं पाणी. त्या पाटांना तिकडे फलज म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि शतकानुशतकं त्यावरच तिथली शेती चालते. ओमानमधल्या अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. जावई वाटेत हे सगळं सांगत होते.

घरी पुरुष मंडळी बाहेरच्या बैठकीत बसली. मला आणि लेकीला आत नेलं. चपला काढल्या, गालिच्यावर बसलो. घरातल्या आजी म्हणाल्या, "तफद्दली." म्हणजे या, घ्या, तुमचंच आहे. मी नेलेली संत्रा बर्फी त्यांनी लगेच उघडली आणि आधी आम्हालाच दिली. मग फळं, खजूर, हलवा आणि त्यानंतर कहवा, म्हणजे अरबी कॉफी. वेलदोड्याचा वास, फिकट रंग, साखर अजिबात नाही. कडू घोट आणि गोड खजूर एकमेकांसाठीच असतात हे दुसऱ्या खजुराला कळलं. आजींनी दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची किटली, डाव्या हातात धरली होती. कान नसलेला इवलासा कप उजव्या हाताने दिला, मीही उजव्याच हाताने घेतला. त्यात कहवा होता तळाशी, दोन घोट.

खरं सांगते, मला खटकलं. आपल्याकडे पाहुण्याला असा चहा दिला तर गावभर बोलणं होईल! पण तिकडे कप काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ "प्या आणि निघा" असा होतो. थोडं थोडं ओतायचं म्हणजे पाहुणा बसतो, आणि ओतणारीला पुन्हा पुन्हा त्याच्याकडे पाहावं लागतं. मी तीनदा "बस, बस" म्हटलं, आजी ओततच राहिल्या. शेवटी त्यांच्या दहा-अकरा वर्षांच्या नातीने माझा कप घेतला आणि मनगटातून हलकेच हलवून दाखवला. हलवला की पुरे. आजींनी त्या क्षणी दल्ला खाली ठेवला. एकदाही "आणखी थोडं" नाही.

२०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत अरबी कॉफी गेली ती पाहुणचाराची खूण म्हणून, आणि त्या संध्याकाळी मला ते पटलं. मी मांसाहार करत नाही हे लेकीने आधी कळवलं होतं. माझ्यासाठी वेगळी मसूर डाळ शिजवली होती, सोबत पातळ रोटी आणि मध. त्याचा कुणी उच्चारही केला नाही.

आपला नागपूरचा आग्रह मला प्रिय आहे. "असं कसं, जेवूनच जा" ऐकल्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही. पण पाहुणीने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वडाभातावर तेल ओतणारे हात मी पाहिलेत. माझेही तेच. नंतर ते पान तसंच उचललं जातं. आग्रह करताना आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी बघतो?

परदेशात जाणाऱ्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे: एक तरी जेवण कुणाच्या घरी, त्यांच्या रीतीने जेवा. "नको" आणि "छान झालंय" त्यांच्या भाषेत शिकून जा. फोटो नंतर काढा, गरम घास थांबत नाही.

परवा दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या ओळखीच्यांच्या भोजनदानात वाढायला उभी होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं लांबलांबून येतात, आणि नागपूरकर रस्त्यारस्त्यावर त्यांना जेवू घालतात. नांदेडकडच्या एक म्हाताऱ्या आजी रांगेत होत्या. मी मसालेभाताचा दुसरा डाव उचलला, तर त्यांनी पत्रावळीवर हात ठेवला. डाव परत पातेल्यात ठेवला. "पाणी देऊ का, आजी?" विचारलं. "दे माय," म्हणाल्या, आणि तिथेच फुटपाथवर बसून शेवटच्या शितापर्यंत जेवल्या.