टाको सर्वांचा, स्पॅनिश कोणाची?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एक लहानशी टाकेरिया, म्हणजे टाकोचे दुकान, आहे. पूर्वी तिथे पेट्रोल पंप असावा, कारण पुढच्या छताचे खांब अजून तसेच उभे आहेत. आत सहा टेबले, भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर आणि गल्ल्याशेजारी मिरचीच्या हिरव्या साल्साच्या बाटल्या. शनिवारी सकाळी साडेसातला गेले तरी रांग असते. त्या रांगेत रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका असतात, छपरांची कामे करणारे मजूर असतात आणि नातवंडांना घेऊन आलेले आजोबा असतात. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. पंचेचाळिशीतल्या मला त्या ‘मिहो’ म्हणतात. ‘माझ्या मुला’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचे ते घाईतले रूप आहे. आपल्याकडची एखादी मावशी ‘काय रे बाळा’ म्हणते, तसेच.

माझी मागणी ठरलेली असते: दोन ‘पापास कोन वेवो’, म्हणजे बटाटा आणि अंडे. ओट्यामागे एक बाई मैद्याचा लहान गोळा घेऊन बुटक्या लाटण्याने चार-पाच हातांत लाटतात आणि ‘कोमाल’वर, म्हणजे तव्यावर, टाकतात. त्यावर बारीक फुगे उठतात, डाग पडतात, तोर्तिया, म्हणजे टाकोची पोळी, एकदा उलटते आणि लगेच खाली उतरते. पिठात चरबीचे मोहन असल्यामुळे ही तोर्तिया आपल्या पोळीपेक्षा जाड असूनही मऊ राहते. मेक्सिकोचा उत्तर भाग आणि दक्षिण टेक्सास हा गव्हाच्या तोर्तियाचा मुलूख आहे. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची तोर्तियाही तिथे मिळते, पण सकाळच्या टाकोला बहुतेकजण गव्हाचीच मागतात. परतलेला बटाटा आणि मोडलेले अंडे तिच्यात घालून, चंदेरी कागदात गुंडाळून, आत काय आहे ते कळावे म्हणून वर पेनाने एक आद्याक्षर लिहून देतात. ज्याला आपण पोर्तुगीजांकडून उचललेल्या शब्दाने बटाटा म्हणतो, त्याला इथे ‘पापा’ म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी फार गमतीचे वाटले होते. शनिवार-रविवारी मिळणारा बार्बाकोआ, म्हणजे गाईच्या डोक्याचे तासन्तास शिजवलेले मांस, मात्र मी घेत नाही. घरची सवय काही ठिकाणी सुटत नाही. शाकाहारी पाहुण्यांना मी इतकेच सांगतो की घोटलेल्या राजम्यातही पुष्कळदा डुकराची चरबी असते, तेव्हा विचारून घ्यावे.

२०२५च्या उन्हाळ्यात या टेबलावर बसून मी घरच्या व्हॉट्सअॅप गटावरचे भांडण वाचत होतो. महाराष्ट्र सरकारने एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये शब्द थोडे सैल केले आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा रोडला एका खाद्यपदार्थांच्या दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली. डोंबिवलीच्या मावसभावाचे म्हणणे असे की अमेरिकेत येणारा प्रत्येकजण मुकाट्याने इंग्रजी शिकतो, मग इथे मराठीचा आग्रह धरला तर बिघडले कुठे. पुण्याच्या आतेबहिणीचे म्हणणे नेमके उलटे: तिकडे स्पॅनिश पाट्या सुखाने नांदतात, भाषेवरून कोणी हात उगारत नाही. साक्षीदार म्हणून दोघांनीही मलाच उभे केले.

दोघांनाही माझी साक्ष सोयीची नाही. टेक्सासमध्ये १९१८च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. मैदानात स्पॅनिश बोलले म्हणून छड्या खाल्लेले लोक आज आजोबा-आजीच्या वयाचे आहेत. मार्फा गावच्या ब्लॅकवेल शाळेत तर १९५४ साली मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेऊन ते पेटीत घालून पुरण्यात आले; ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. डब्यातला टाको सँडविचवाल्या मुलांपुढे लपवून खाल्ल्याच्या आठवणीही त्याच पिढीच्या आहेत. म्हणजे ‘मुकाट्याने’ हा शब्द बरोबर आहे, पण तो मुकेपणा कसा आला ते मावसभावाने पाहिलेले नाही, आणि कोणी हात उगारत नाही हे आतेबहिणीचे म्हणणे त्या छड्यांपुढे टिकत नाही.

टाकोचे मात्र भाग्य फळफळले. २०१६मध्ये ऑस्टिन हे ब्रेकफास्ट टाकोचे माहेर असल्याच्या एका लेखावरून सॅन अँटोनियो इतके पेटले की दोन्ही शहरांच्या महापौरांनी एकत्र बसून, त्यांना जोडणाऱ्या महामार्गाच्या नावाने, गमतीचा तह केला. जुलै २०२२मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी इथल्या लॅटिनो समाजाच्या वेगळेपणाला ब्रेकफास्ट टाकोची उपमा दिली, तेव्हा आम्ही टाको नाही, असे लॅटिनो पत्रकारांच्या संघटनेने सुनावले आणि माफी मागितली गेली. मला त्या संघटनेचे म्हणणे पटले होते. पदार्थावर प्रेम करणे स्वस्त असते. त्यासाठी करणाऱ्याची भाषा यावी लागत नाही.

हेच मला वडापाव आणि मिसळीबद्दल वाटते. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची यावर आपण तावातावाने बोलतो, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटतो, आणि दादर स्थानकाबाहेर गाडीवाल्याने तोंड उघडण्याआधीच ‘भैया, दो वडापाव देना’ म्हणतो. गाडीवाला पुष्कळदा साताऱ्याचा असतो. पहिलीतल्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे मला मान्य आहे आणि निर्णय मागे घेतला ते योग्यच झाले. पण दुकानदाराच्या कानाखाली वाजवल्याने फार तर त्याचे तोंड बंद होते, मराठीत उघडत नाही. धाकाने भाषा येते, असा ब्लॅकवेलच्या शिक्षकांचाही समज होता.

गेल्या शनिवारी गल्ल्यावर मालकीणबाईंची नात होती. मी सरावलेल्या तोऱ्यात ‘दोस दे पापास कोन वेवो, पारा येबार’, म्हणजे दोन, बरोबर न्यायला, म्हणालो. ती गोंधळली, हसली आणि इंग्रजीत म्हणाली की स्पॅनिश आजीला येते, आईला समजते, मला नाही. आतून आजीने विचारले, किती? मीच ओरडून ‘दोस’ सांगितले. गाडीत वाट पाहणाऱ्या माझ्या मुलीच्या हातात पुडी दिली, तेव्हा तिने ‘पी’ हे अक्षर वाचून, ‘बाबा, धिस इज पटेटो, राइट?’ असे विचारले, आणि मी सवयीने ‘येस’ म्हणालो.