आयते डॉक्टर मिळवण्याची सोपी कृती

ब्रिटन नायजेरियाचे डॉक्टर पळवत नाही, ते आपणहून येतात, असं परवा एका व्याख्यानात दीड तास ऐकून घ्यावं लागलं. एवढं ज्ञान एकट्याने पचवणं कठीण. तेव्हा तुमच्या ताब्यात एखादा श्रीमंत देश असेल, तर ही घ्या कृती.

आधी आपल्या मेडिकल कॉलेजांच्या जागा आवळून ठेवा. डॉक्टर घडवायला खर्च येतो हो. तिकडे नायजेरियात, लागोस-इबादानला सहा वर्षं एमबीबीएस, मग एक वर्ष हाउसमनशिप (म्हणजे आपली इंटर्नशिप), वर एक वर्ष राष्ट्रीय युवा सेवा, हे सगळं त्यांच्या खर्चाने होऊ द्या. आपण ताट मांडून बसायचं.

मग आचारसंहिता करा. आरोग्य कर्मचाऱ्यांचा तुटवडा असलेल्या देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या यादीत 55 देश आहेत, नायजेरियाही आहे. तिथे जाऊन भरती करायची नाही म्हणजे नाही! डॉक्टरने स्वतः अर्ज केला तर मात्र चालतो, ही ओळ संहितेत विसरू नका.

आता टोलनाका. इंग्रजीतच डॉक्टर झालेल्याची आधी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएसमध्ये एकूण 7.5, चारही भागांत किमान 7. लेखनात 6.5 आले की गाडी तिथेच पंक्चर. मग प्लॅबचा, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीच्या ब्रिटनच्या परीक्षेचा, पहिला पेपर, तीन तासांत 180 प्रश्न. दुसरा मँचेस्टरलाच: रुग्ण तपासून दाखवायची 16 स्टेशनं, दाराबाहेर दीड मिनिट वाचन, आत आठ मिनिटं. या दुसऱ्याचीच फी सुमारे हजार पौंड; व्हिसा, विमान, खोली वेगळी. (आपल्याकडच्या प्लॅबवाल्यांना हा हिशेब पाठ असेल.) शेवटी मायदेशाच्या मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे या डॉक्टरविरुद्ध काही कारवाई नाही असा दाखला, नोंदणी मंजूर होताना तीन महिन्यांच्या आतलं. डिग्रीची पडताळणी रखडली की ते शिळं होतं. काढा पुन्हा राजधानी अबुजाहून! आणि हे सगळं त्याच्याच खिशातून. म्हणे भरती करत नाही! दारात उभं राहून पायरीपायरीवर पावत्या फाडायच्या आणि वर म्हणायचं, आम्ही कुठे बोलावलं?

पाठवणाऱ्या देशासाठीही टिपा आहेत. 2001 मध्ये आपल्याच राजधानीत, अबुजाला, बजेटचे 15 टक्के आरोग्याला देण्याची शपथ घ्या आणि विसरा.

करोनातही धोक्याचा भत्ता महिना 5,000 नायरा ठेवा.

निवासी डॉक्टर संपावर असताना राष्ट्राध्यक्षांनी तपासणीला लंडनमध्ये असावं. 2021 मध्ये हेही जमलं.

आणि 2019 मध्ये मंत्री, तेही स्वतः डॉक्टर, म्हणाले तसं ‘आपल्याकडे जास्तीचे डॉक्टर आहेत’ म्हणा. मग 2023 मध्ये पाच वर्षं देशात राबल्याशिवाय पूर्ण परवाना नाही, असं विधेयक आणा. जास्तीचे होते ना? मग कोंडता कशाला?

पुरे झाली थट्टा. तिकडची पोरं याला ‘जापा’ म्हणतात, म्हणजे पळ काढ. पगार थकवायचा, वॉर्डात हातमोजे द्यायचे नाहीत आणि निघालेल्याला देशद्रोही म्हणायचं, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. आणि लंडनकरांनो, यादी भिंतीवर टांगून हात झटकू नका. माणूस घेताय ना? मग त्याला शिकवायला लागलेले पैसे इबादानच्या कॉलेजात भरा. तेवढं होईपर्यंत ‘आपणहून येतात’ हे तोंडातून काढू नका.