‘नुसते पिंजरे धुवायला लावतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्राण्यांच्या शेल्टरमधल्या स्वयंसेवकांच्या कामांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. सेवा करायला गेलेल्या माणसाला महिनाभर पिंजरे नि भांडी धुवायला लावतात, पिल्लांना हातही लावू देत नाहीत, हा पहिला. पगारी माणसं नेमायचं टाळून हौशी लोकांना फुकट राबवतात, हा दुसरा.

पहिला मला मान्य नाही. कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या पार्व्हो या आजाराचंच घ्या. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून पसरणारा हा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, साधारण १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी. तेही घाण घासून काढल्यावरच, कारण मळ राहिला की ब्लीचचा जोर संपतो. मग दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची आणि पुन्हा पाणी मारायचं. मांजरांच्या खोलीत फिनेल अजिबात नको, ते त्यांना विषारी ठरतं. क्रमही ठरलेला असतो: आधी निरोगी पिल्लं, आजारी सगळ्यात शेवटी. तो उलटला तर चपलेच्या तळाला लागून रोग पुढच्या पिंजऱ्यात जातो. लस पूर्ण न झालेलं पिल्लू कुणी उचलू नये, हा नियमही त्याचसाठी आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागू हवा.

शिवाय बिघाड आधी दिसतो तो धुणाऱ्यालाच. रात्रीचा भात तसाच पडलाय, जुलाबात रक्त आहे, नसबंदी झालेल्या कुत्रीने टाके चाटून लाल केलेत. हे फळ्यावर लिहून ठेवलं, तर डॉक्टर आल्याआल्या आधी त्या पिंजऱ्याशी जातात. याला मी उपचारांचाच भाग मानते.

दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. रोजचं खाणं, धुणं आणि औषधं पगारी माणसांकडेच असली पाहिजेत. स्वयंसेवक परीक्षेत येत नाही, दिवाळीत गावी जातो. कुत्र्याला दिवाळीतही भूक लागते. रविवारच्या मुलांवर सगळा गाडा हाकणाऱ्या संस्थेत जाऊ नका. जाण्याआधी बेधडक विचारा: रोजची माणसं किती? कुत्री हाताळण्याआधी रेबीजची लस घ्यायला सांगता का? कुणाला चावलं तर लगेच कुठे नेता? पहिल्याच दिवशी बिथरलेल्या कुत्र्याचा पट्टा हातात देणारी संस्था मला झाडू देणारीपेक्षा कितीतरी धोकादायक वाटते.

तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं असं लिहिलंय, तर दत्तक देण्याच्या कामाबद्दल विचारून बघा. घरमालकाची परवानगी आहे का, घरातले सगळे राजी आहेत का, मांजर न्यायची तर बाल्कनीला जाळी आहे का, सुट्टीत बाहेरगावी गेल्यावर कोण बघणार, हे सगळं आधी विचारावं लागतं. नंतर आठवड्याने, महिन्याने पुन्हा फोन. यातलं काही राहून गेलं की तेच जनावर पुन्हा शेल्टरच्या दारात येतं. हे काम संध्याकाळी घरी बसून होतं, आणि चिकाटीने फोन करणारी माणसं फार कमी मिळतात.