शिंकताना तोंडावर हात धरू नका

पावसाळ्यात फ्लूची साथ वाढली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो: शिंक आली की तळहात नाहीतर रुमाल तोंडावर धरा, गर्दीत असाल तर नाक चिमटीत पकडून शिंक दाबा, नंतर सॅनिटायझरचे दोन थेंब चोळा, मास्क असेल तर शिंकण्यापुरता खाली ओढा, आणि ताप नसेल तर काळजी नको, फ्लू पसरत नाही. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान पहिला करतो.

तळहातावर शिंकलात की पुढच्याच मिनिटाला तो ओला हात लोकलच्या दांड्याला, लिफ्टच्या बटणाला, सुट्ट्या पैशांना लागतो. फ्लूचा विषाणू कातडीवर काही मिनिटेच तग धरतो, पण स्टील आणि प्लास्टिकवर तो 24 ते 48 तास टिकू शकतो. म्हणून हात मध्ये आणायचाच नाही. कोपर वाकवून त्याची आतली बाजू नाकातोंडावर टेकवा. खरोखर टेकवा, चार बोटांचे अंतर राहिले तर कोपराचा उपयोग उरत नाही. नीट टेकवूनही बारीक थेंब कडेने निसटतात, तेव्हा मानही माणसांपासून वळवा. तान्हे बाळ हातावर असेल तर त्याचे डोके ज्या कोपरात आहे ते सोडून दुसरे कोपर वापरा. बाही आखूड असेल तर कोपरही साबणाने धुवा.

रुमाल तळहातापेक्षा बरा, पण खरी अडचण शिंकेनंतर सुरू होते. तो घडी होऊन खिशात जातो आणि अर्ध्या तासाने त्याच रुमालाने घाम पुसला जातो. पदराचेही तसेच: त्यात शिंकायचे आणि त्यानेच मुलाचे तोंड पुसायचे. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा मास्क मिळेनात म्हणून लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. तो नाइलाज होता, नियम नव्हे. शक्यतो कागदी रुमाल दुहेरी घडी करून वापरा, लगेच झाकणाच्या कचरापेटीत टाका आणि हात धुवा. कापडीच हवा असेल तर दोन ठेवा, एक शिंकेचा, एक घामाचा. शिंकेचा रोज साबणाने धुवा.

शिंक दाबणे धोक्याचे आहे. नाक आणि तोंड दोन्ही बंद केले की तो दाब घसा, कान आणि सायनसकडे वळतो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका 34 वर्षांच्या माणसाचा घसा अशाने आतून फाटला होता. 2018 मध्ये ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. क्वचित घडते, हे खरे. पण एक शिंक दाबण्यासाठी ही जोखीम कशाला घ्यायची? कोपरात शिंकून मोकळे व्हा.

सॅनिटायझर दोन थेंब पुरत नाही. किमान 60 टक्के अल्कोहोलचे, ओंजळीत साचेल इतके घ्या आणि बोटांच्या बेचक्यांसकट 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. हातावर ओला शेंबूड असेल तर सॅनिटायझरवर विसंबूच नका. शेंबडाच्या थरातून अल्कोहोल लवकर आत शिरत नाही. जपानमधल्या एका प्रयोगात ओल्या शेंबडातला फ्लूचा विषाणू निष्प्रभ व्हायला सुमारे चार मिनिटे लागली. अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणाने 20 सेकंद हात धुणेच योग्य.

मास्क तर शिंक अडवण्यासाठीच असतो. त्यातच शिंका, मग घोळक्यातून बाजूला जाऊन दोऱ्यांना धरून काढा आणि दुसरा लावा. जास्तीचा मास्क वेगळ्या पिशवीत जवळ असू द्या.

राहिला ताप. लक्षणे दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून ती सुरू झाल्यावर पाच ते सात दिवसांपर्यंत फ्लूचा रुग्ण दुसऱ्याला लागण देऊ शकतो. लहान मुले त्याहून जास्त दिवस. पॅरासिटामॉलने उतरलेला ताप गेला असे धरू नका. गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप आला नाही की मगच मुलाला शाळेत पाठवा.