जेवणाच्या खोलीला ‘दोन स्वतंत्र सर्किटे’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

“डायनिंग रूमला 20 अँपिअरची दोन स्वतंत्र सर्किटे कायद्याने बंधनकारक आहेत, भिंतीवर दर 12 फुटांना प्लग पॉईंट हवा, एमसीबी सारखा पडत असेल तर 20 अँपिअरचा बसवा आणि एमसीबी असल्यावर शॉकची भीती नाही,” असा संदेश मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. (एमसीबी म्हणजे जास्त प्रवाह वाहू लागला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच.)

दोन सर्किटांचा नियम खरा आहे, पण तो अमेरिकेच्या विद्युत संहितेतील आहे. शिवाय ती दोन सर्किटे एकट्या जेवणाच्या खोलीसाठी नसून स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि जेवणाची खोली मिळून असतात. तिथे घरगुती दाब 120 व्होल्ट असल्याने 20 अँपिअरच्या सर्किटावर 2,400 वॉटच मिळतात. आपल्याकडे 230 व्होल्टवर 16 अँपिअरचे सर्किटही सुमारे 3,680 वॉट देते, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. बारा फुटांचा नियमही तिथलाच आहे.

एमसीबीविषयीचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. एमसीबी उपकरणासाठी नव्हे, तर भिंतीतल्या वायरसाठी असतो. मुंबईच्या वन-बीएचकेमध्ये जेवणाचे टेबल बहुधा हॉलच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या शेजारी असते आणि तिथला 16 अँपिअरचा सॉकेट पुष्कळदा नंतर बसवलेला असतो. बोर्ड उघडला की दिवे-पंख्यांच्या लाइनवरूनच 1.5 चौरस मिलिमीटरची वायर लूप करून घेतलेली दिसते. त्यावर 2,000 वॉटचे इंडक्शन लावले की एकट्याने 8.7 अँपिअर खेचले जातात. सोबत 1,200 वॉटचा मायक्रोवेव्ह चालू केला तर भार 14 अँपिअरच्या आसपास जातो, आणि फ्रिज, दिवे, पंखे त्याशिवाय. अशा वेळी लहान एमसीबी पडतो, ते त्याचे कामच आहे. तो काढून मोठा बसवल्यास तापलेली वायर तशीच तापत राहते आणि तिचे आवरण वितळेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आपल्याकडे रूढ असलेला संकेत वेगळा आणि पुरेसा स्पष्ट आहे: दिवे-पंख्यांच्या एका सर्किटावर 10 पॉईंट किंवा 800 वॉटपेक्षा अधिक भार नको, आणि 16 अँपिअरच्या सॉकेटांसाठी स्वतंत्र सर्किट असावे, त्यावरही दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. म्हणून टेबलाजवळ इंडक्शन वा मायक्रोवेव्ह ठेवायचा असेल, तर डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या घरातील मुख्य बोर्डापासून) 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्यावी, आणि घराचा मंजूर भार पुरत नसेल तर तो वाढवण्यासाठी वीजपुरवठादाराकडे अर्ज करावा.

शॉकचा दावा तर निखालस खोटा आहे. माणसाच्या जिवावर बेतायला पन्नासेक मिलिअँपिअरही पुरू शकतात, आणि एवढ्याशा प्रवाहाची एमसीबीला दखलही नसते. ते काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे आहे. तो डीबीत नसेल तर बसवून घ्यावा. असेल तर त्यावरील टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे, आणि पुरवठा तत्काळ खंडित झाला नाही तर तो लगेच बदलावा.