जरा इस्कटून सांग की, हेमिंग्वे

वरच्या मजल्यावर ताई राहती, तिची पोरगी इंग्रजीत एमए करती आणि दुपारी घरात रिकामा माणूस मी एकटाच, त्यामुळं तिची असाइनमेंट ऐकायचं काम माझ्याच गळ्यात. या वेळी आली अमेरिकन लेखक हेमिंग्वेची १९२७ची गोष्ट, 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स'. शैली, स्थळ, प्रतीकं, सगळ्यावर लिहायचं.

गोष्ट मोजक्या पानांची. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातलं स्टेशन, रणरणतं ऊन, एक अमेरिकन माणूस आणि एक पोरगी बिअर पीत बसलेत, बार्सिलोनाहून गाडी यायला चाळीस मिनिटं आहेत. तो सारखा म्हणतोय ऑपरेशन अगदी साधं असतंय. कसलं ते शेवटपर्यंत कुणी बोलत नाही. गर्भपाताचं, हे मला भाचीनं सांगितलं. हीच जोडी आपल्या स्टेशनावर बसली असती तर शेजारच्या मावशींनी दुसऱ्या मिनिटाला विचारलं असतं, "कितवा महिना गं?" आणि गोष्ट तिथंच खलास.

बरं, ते स्टेशन दोन रुळांच्या मधोमध, एका अंगाला सगळं उजाड, दुसऱ्या अंगाला शेतं, झाडं, नदी, म्हणे हे तिच्यापुढचे दोन रस्ते. आमचं कोल्हापूर पडलं टर्मिनस, कोकणात जायची लाइन अजून कागदावरच, निवडायचं काय डोंबल!

बारच्या दाराला मण्यांचा पडदा. भाची म्हणाली हे दोघांतल्या अंतराचं प्रतीक. म्हटलं अगं माश्या येऊ नयेत म्हणून लावलाय, त्यानंच लिहिलंय बघ. "मग मामा, ती बोलता बोलता त्यातल्याच दोन माळा हातात का धरती?" मी चहा टाकायला उठलो.

हिमनगाचा एक अष्टमांशच पाण्यावर दिसतो आणि त्यातच त्याची ऐट, लिखाणाचंही तसंच, असं हेमिंग्वेनं १९३२मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याकडं आठीच्या आठी अष्टमांश वर, ते पण तांबड्या रश्श्याची तर्री घालून, हे मी चांगलं ऐटीत सांगत होतो तेवढ्यात दाजी आले.

"रविवारी कागलचं पाहुणं इकडनंच जाणार हाईत. चहाला या म्हटलंय."

ताई म्हणाली, "पोहे करू?"

"करा की. अगदी साधंच."

भाचीनं पेन ठेवलं. "बाबा, जरा इस्कटून सांगा. पोरगा काय करतोय?"

दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छताकडं.

"उकडतंय लई आज," म्हणाले, आणि पंखा पाचवर नेला.