‘बाहेरचे आले म्हणून भाडी वाढली’ हे म्हणणं तपासून बघू

गेले काही आठवडे एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवरून फिरतोय. मला तो पाच-सहा जणांनी पाठवला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडबद्दल त्यात थोडक्यात असं म्हटलंय: शहरात परप्रांतीयांची गर्दी झाली, त्यांच्यामुळेच भाडी गगनाला भिडली, घरमालक बसल्या जागी मालामाल झाले, हे लोक परत गेले तर घरं निम्म्या किमतीत मिळतील, म्हणून सोसायट्यांनी ठराव करून बाहेरच्यांना घरं देणं बंद करावं.

माझं कामच भाडेकरारांचं आहे. अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि लॅपटॉप पाठीवर टाकून वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर, हिंजवडी या पट्ट्यात मी घरोघरी जातो आणि लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणाऱ्या कराराची, नोंदणी करून देतो. टेबलाच्या एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला भाडेकरू, असं माझं रोजचं बसणं. त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प राहवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

‘परप्रांतीयांची गर्दी झाली.’

करारात भाडेकरूचा कायमचा पत्ता लिहावा लागतो. मी रोज काय टाइप करतो? उदगीर, परळी, चाळीसगाव, पंढरपूर, यवतमाळ, शिरपूर. कानपूर, पाटणा, इंदूर हेही असतात. आयटी पार्कच्या पट्ट्यात ते असणारच, पण फक्त तेच असतात असं म्हणणं खोटं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली आणि त्यातली बहुसंख्य आपल्याच राज्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेली होती. या आकड्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका खूप आहेत, त्यामुळे तो जसाच्या तसा शहरातल्या भाडेकरूंना लावता येत नाही. पण ‘बाहेरचा’ म्हटलं की दुसऱ्या राज्यातला, ही समजूत तेवढ्यानंही ढिली पडते.

मागे रहाटणीत एका करारासाठी गेलो होतो. मालक सत्तरी ओलांडलेले. त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. तीस वर्षं लेथवर काम केलेलं, रेषाच झिजलेल्या. चार वेळा प्रयत्न झाला. शेवटी समोर बसलेला भाडेकरू, उदगीरचा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, उठला. त्यानं रुमाल ओला करून काकांचा अंगठा पुसला आणि काचेवर धरून ठेवला. तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. काका त्याला सांगत होते, ‘मी बहात्तरच्या दुष्काळात बार्शीहून आलो. भोसरीत एका खोलीत पाच जण. कॉट दोनच. ज्याची रात्रपाळी त्यानं दिवसा झोपायचं.’

मालकही बाहेरचा आणि भाडेकरूही बाहेरचा, मध्ये फक्त पन्नास वर्षांचं अंतर. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आणि बजाजसारखे कारखाने आले. कामाला माणसं आली सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून. आज या शहरात वन बीएचके भाड्यानं देणारे कितीतरी काका-काकू हेच आहेत. त्यांना उद्देशून ‘बाहेरच्यांना हाकला’ असा मेसेज पाठवताना जरा आठवण ठेवायला हवी होती.

‘त्यांच्यामुळेच भाडी वाढली.’

यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. माणसं आली की मागणी वाढते. २०२० मध्ये आम्ही उलटं चित्र पाहिलं. कंपन्यांनी घरून काम सांगितलं, मुलं सामान गुंडाळून गावी गेली, आणि माझा फोन करार रद्द करायलाच वाजत होता. भाडी खाली आली. मालक स्वतःहून ‘दोन हजार कमी करतो पण राहा’ म्हणत होते. २०२२ मध्ये ऑफिसं उघडली, सगळे जवळपास एकदम परतले, आणि काही महिन्यांतच भाडी जुन्या आकड्याच्या बरीच पुढे गेली.

पण माणसं तीच होती. २०१९ मध्ये हीच मुलं याच घरांत कमी भाड्यात राहत होती. मग परतल्यावर जास्त का द्यावं लागलं? मधल्या काळात बांधकामं रखडली होती. काही मालकांनी रिकामे फ्लॅट विकून टाकले होते, काहींनी स्वतः राहायला घेतले होते. शिवाय मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. गृहकर्जाचे हप्ते वाढले, ज्यांचे हप्ते वाढले नाहीत त्यांची मुदत वाढली, आणि करार नूतनीकरणाला आला की मालकाची नजर त्या हप्त्याकडे गेली. हे मी टेबलावर बसून ऐकलंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बंद घरं. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात २०११ च्या जनगणनेचे आकडे दिलेले आहेत. देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार, देशात सगळ्यात जास्त. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, जो मला जास्त बोलका वाटतो: शहरांतल्या घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. म्हणजे शहरांकडे येणारा लोंढा वाढत गेला आणि भाड्यानं मिळणाऱ्या घरांचा वाटा मात्र आटत गेला.

तो का आटला, हे पेठांतल्या कुठल्याही जुन्या वाड्यात विचारा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. फाळणीचा आणि टंचाईचा काळ होता, गरीब भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं, हेतू चांगलाच होता. पण कायदा दशकानुदशकं तसाच राहिला. भाडं महिन्याला काही रुपये आणि कौलं बदलायला हजारो, मग वाडा कोण दुरुस्त करणार? मालकानं लक्ष काढून घेतलं आणि भाडेकरू गळक्या छपराखाली राहिला. त्यात ‘लायसन्स’च्या नावाखाली दिलेल्या घरांतल्या लोकांनाही कायद्यात दुरुस्ती करून संरक्षण दिलं गेलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत होता तो भाडेकरू मानला गेला. त्या लोकांच्या दृष्टीनं ते न्याय्य असेलही. पण ‘एकदा दिलं की घर गेलं’ ही भीती महाराष्ट्रातल्या मालकाच्या मनात तेव्हापासून घट्ट बसली.

आता परिस्थिती तशी नाही. ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर रिकामं करून द्यावंच लागतं, नाही केलं तर दुप्पट भाडं भरायची तरतूद आहे. करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. (अजूनही लोक ११ महिन्यांचा करार नोटरी करून ठेवतात आणि निर्धास्त झोपतात. महाराष्ट्रात ते चालत नाही, नोंदणी कराच.) इतकं असूनही मला दर महिन्याला कुणीतरी भेटतं: ‘फ्लॅट आहे हो, पण नको तो त्रास, बंदच बरा.’ असे फ्लॅट प्रत्येक मोठ्या सोसायटीत आहेत. संध्याकाळी खाली उभं राहून दिवे मोजले तरी कळतं.

‘घरमालक मालामाल झाले.’

हिशोब करू. समजा ८० लाखांचा टू बीएचके आहे आणि भाडं २५ हजार. वर्षाचे ३ लाख. एक महिना घर रिकामं जातं, ते २५ हजार गेले. मेंटेनन्स महिन्याला साडेतीन हजार धरला तर ४२ हजार. मिळकतकर, रंगकाम, गिझर, नळ यांचे मिळून २७ हजार. उरले २ लाख ६ हजार, म्हणजे ८० लाखांवर जेमतेम अडीच टक्के. एवढी रक्कम बँकेत ठेवली असती तर याच्या दुपटीनं व्याज आलं असतं. आणि घर कर्जावर असेल तर? ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ५२ हजार. येणारं भाडं हप्त्याच्या निम्मंही नाही.

तुम्ही म्हणाल, घराची किंमत वाढते ना. वाढते. पण निवृत्त शिक्षिकेला पेन्शनच्या जोडीला महिन्याचं भाडं हवं असतं, कागदावरच्या किमतीवर तिचं घर चालत नाही. दहा-दहा फ्लॅट घेऊन ठेवणारे आहेत, वेळेवर जमिनी विकलेलेही आहेत, त्यांचं गणित वेगळं. माझ्यासमोर बसणारे बहुतेक मालक एका फ्लॅटचे आहेत. भाडं वाढतं तेव्हा भाडेकरू पिळवटतो हे खरंच आहे: नवं डिपॉझिट, पुन्हा एका महिन्याचं ब्रोकरेज, टेम्पोचं भाडं. त्यातलं ब्रोकरेज आणि टेम्पो तर मालकाच्या खिशात जातच नाही. घर वारंवार बदललं की एजंटाची कमाई वाढते, म्हणून मालकाला ‘यंदा तीन हजार वाढवून मागा, मार्केट रेट आहे’ असं सुचवणारा पुष्कळदा एजंटच असतो. चांगला भाडेकरू टिकवून पाच टक्के वाढीवर भागवणारा मालक वर्षाच्या शेवटी पुढे असतो, हे मी मालकांना नेहमी सांगतो.

‘हे लोक गेले तर घरं निम्म्या किमतीत मिळतील.’

नाही मिळणार. २०२० मध्ये लोक गेलेच होते. भाडी पडली, किमती निम्म्या झाल्या का? राज्य सरकारनं सप्टेंबर ते डिसेंबर २०२० साठी मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली तेव्हा नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या.

याहून मोठं उदाहरण मुंबईत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या बंद पडत गेल्या, हजारो कुटुंबं कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परत गेली. मेसेजच्या हिशोबानं लालबाग-परळ मग स्वस्त व्हायला हवं होतं. झालं उलटंच. १९९१ च्या विकास नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम असा बदलला की ही वाटणी फक्त गिरणीचं बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. लोकांसाठीचा वाटा आक्रसला, आणि चिमण्या होत्या तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. माणसं गेली, भाव चढले. कारण जमीन कोणाकडे आहे आणि तिच्यावर काय बांधायला परवानगी आहे, यावर भाव ठरत होता. चाळीतून गावी परतलेल्या माणसाच्या जाण्यानं त्यात काही फरक पडला नाही.

आणि खरंच सगळे निघून गेले की काय होतं ते कोकणात दिसतं. गणपतीपुरती उघडणारी घरं, एरवी दाराला कुलूप. तिथे घर स्वस्तात मिळेलही. पण तिथे काम नाही म्हणून तर माणूस घर सोडून गेला.

‘म्हणून सोसायट्यांनी बाहेरच्यांना घरं देणं बंद करावं.’

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण हे आधीच चालू आहे. बॅचलर नको, मुली नको, अमक्या राज्याचे नको, आडनाव काय म्हणाला? काही ठिकाणी तर फोनवरच विचारतात. या प्रत्येक ‘नको’नं बाजारातलं एकेक घर कमी होतं आणि उरलेल्यांचं भाडं वर जातं. भाडं वाढलं म्हणून तक्रार करणाऱ्या मेसेजनं भाडं आणखी वाढवायचाच उपाय सुचवलाय.

मार्चमध्ये एक करार माझ्या हातून असाच गेला. मुलगी हॉस्पिटलात नर्स, अहमदपूरची, सोबत धाकटी बहीण शिकायला. मालकीणबाईंना दोघी आवडल्या होत्या. भाडं ठरलं, डिपॉझिटचा चेक लिहून झाला, मी मशीन जोडून बसलो होतो. तेवढ्यात कमिटीतून फोन आला: आमच्याकडे फक्त फॅमिली. दोन सख्ख्या बहिणी म्हणजे फॅमिली नाही का, असं बाईंनी तीनदा विचारलं. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि चेक परत केला. मुलगी काही बोलली नाही. चेकची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवला आणि मला विचारलं, ‘दादा, तुमचे आजचे किती द्यायचे?’ मी नाही घेतले.

आता त्या दोघी हॉस्पिटलजवळच्या पीजीत आहेत, एका खोलीत चार कॉट. एकेका कॉटचं भाडं इतकं आहे की चौघींचं मिळून त्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा जास्त होतं. मालकीणबाई दर महिन्याला बंद फ्लॅटचा मेंटेनन्स भरतायत. त्या कमिटीच्या ग्रुपवर परवा हाच मेसेज पडला होता. बाईंनीच मला पुढे पाठवला.